भिजलेल्या टेकडीला पाणी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेट आणि डेव्हन या दोन परगण्यांच्या सीमेवर एक्समूर नावाचा डोंगराळ मुलूख आहे. उंची फारशी नाही, सर्वांत उंच डंकरी बीकन 519 मीटर. पण अटलांटिकवरून येणारे ढग इथे अडतात आणि माथ्यावर वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस होतो. तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. बारा महिने रिपरिप चालू असते आणि हिवाळ्यात ती वाढते. अशा मुलखात शेतकरी डोंगरउतारावर पाट खणायचे आणि नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात ओल्या काळात, आपल्या कुरणांना पाणी द्यायचे.

ते पाट आता बहुतेक कोरडे आहेत, पण बुजलेले नाहीत. शेकडो उतारांवर अजूनही एकाखाली एक अशा जवळजवळ आडव्या रेषा दिसतात. नुसते पाहून त्या मेंढ्यांच्या वाटा वाटतील किंवा जमीन जराशी घसरल्याच्या खुणा.

आपल्याकडे पाणी देणे म्हणजे पिकाची तहान भागवणे. रात्रीची वीज आली म्हणून बॅटरी घेऊन दारे धरायला निघालेला माणूस वाळणारे पीक वाचवायला निघालेला असतो. एक्समूरच्या गवताला तहान नव्हती. त्याला ऊब हवी होती, आणि त्या काळात डोंगरावर ऊब पोहोचवायचे सर्वांत स्वस्त साधन पाणी हेच होते. हे ध्यानात घेतले की पाट कुठून काढला, आडवा का नेला, पाणी वाहतेच का ठेवायचे, हे सगळे उलगडत जाते.

सुरुवात गवतापासून करू. त्या भागातले चाऱ्याचे गवत मातीचे तापमान 5-6 अंश सेल्सिअसच्या वर गेले की वाढू लागते. त्याखाली ते मरत नाही, पण थांबते. एक्समूरच्या उंचीवर डिसेंबरपासून मार्चपर्यंत माती याच उंबरठ्याच्या आसपास किंवा खाली असते. जुलैत कापून ठेवलेले वाळके गवत मार्चपर्यंत संपत येते, आणि नेमक्या त्याच सुमारास मेंढ्या वितात. कोकरांना दूध हवे, दुधासाठी मेंढीला हिरवे हवे, आणि हिरवे अजून उगवायचे असते. आपल्याकडची चाराटंचाई चैत्र-वैशाखात पाण्याअभावी येते, तिथली हिवाळ्याच्या शेवटी थंडीने यायची. सर्वांत कठीण महिन्यात जितकी मेंढरे जगवता येतात तितकीच वर्षभर पाळता येतात, हा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखा. म्हणून दोन-तीन आठवडे आधी उगवलेल्या गवताचे मोल केवळ त्या दोन-तीन आठवड्यांच्या चाऱ्याइतके नव्हते. अख्खा कळप किती मोठा ठेवायचा, हे त्यावर ठरायचे.

आता ऊब येते कुठून ते पाहू. जमिनीत काही मीटर खोल गेले की ऋतूंचा परिणाम क्षीण होतो आणि तापमान वर्षाच्या सरासरीजवळ स्थिर राहते. एक्समूरच्या परिसरात ही सरासरी साधारण 8 ते 10 अंश. म्हणजे जानेवारीत हवा शून्यावर असली तरी डोंगराच्या कुशीतून फुटणारा झरा 8-9 अंशांचे पाणी बाहेर टाकत असतो. हाताला ते थंडगारच लागते, गवताला मात्र पुरेसे आहे. शिवाय पाण्यात उष्णता साठवण्याची ताकद हवेच्या मानाने अफाट आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते अंशामागे सुमारे साडेतीन हजार पट उष्णता धरते.

कागदावर एक गणित मांडून पाहू. दर सेकंदाला 20 लिटर पाणी एक हेक्टर उतारावर पसरले आणि वरून खाली येईपर्यंत 4 अंशांनी निवले, तर त्याने जमिनीला सुमारे 335 किलोवॅट उष्णता दिली. दर चौरस मीटरला हे 33 वॅट झाले. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उघडी जमीन आकाशाकडे दर चौरस मीटर साठ-सत्तर वॅट किंवा त्याहूनही अधिक उष्णता गमावते. थोडक्यात, रात्रीचा निम्मा तोटा भरून निघतो. पाणी सगळीकडे सारखे पसरत नाही, वारा सुटला की वेगळेच काही होते, हे मान्य. तरी माती गोठू न देण्याइतकी ताकद या पाण्यात आहे, एवढे त्या आकड्यांवरून कळते.

याचा पहिला परिणाम पाण्याच्या निवडीवर व्हायचा. झरा जितका जवळ तितका चांगला, कारण मैलभर उघड्यावरून वाहत आलेल्या ओढ्याने आपली ऊब वाटेतच घालवलेली असते. माथ्यावरच्या दलदलीतून, कुजक्या काळ्या मातीतून निथळणारे आम्लधर्मी पाणी शक्यतो टाळायचे. कोणता ओहोळ कुरणाला मानवतो आणि कोणता नाही, हे जुन्या शेतकऱ्यांना रासायनिक चाचणीशिवाय माहीत होते. ज्या पाण्याच्या कडेने हिवाळ्यातही गवत हिरवे दिसते ते चांगले.

पाणी ठरले की पाट. ओहोळाला दगडमातीचा छोटा बांध घालून किंवा झऱ्याच्या तोंडापासूनच मुख्य पाट सुरू व्हायचा आणि डोंगराच्या कडेकडेने, अगदी मंद उताराने कुरणाच्या वरच्या कडेपर्यंत जायचा. शंभर मीटरमागे एखादी वीत उतार पुरे. इथवरचे काम कोकणातल्या माणसाला नवे नाही. व्हाळाला दरसाल बांध घालून सुपारीच्या बागेपर्यंत पाट आणणे ही तीच कला आहे. खरा फरक पाट कुरणावर पोहोचल्यानंतर सुरू होतो.

कुरणाच्या वरच्या कडेला पाटाचा उतार जवळजवळ शून्यावर आणतात आणि त्याची खालची कड एका पातळीत तासतात. पाणी पुढे जायला जागा उरत नाही, ते काठावरून सांडू लागते. सांडायचे कसे, यावर सगळे अवलंबून. काठोकाठ भरलेली परात जराशी कलली की सगळे पाणी एकाच जागेवरून ओघळते. पाटाची कड दोन बोटे जरी कुठे खचली, तरी तेच. मग एका जागी ओघळ पडतो आणि बाकीचे कुरण कोरडे. कड सपाट असली तर पाणी पन्नास-शंभर मीटर लांबीवरून एकदमच बाहेर पडते आणि गवताच्या मुळांतून इंच-दीड इंचाच्या पातळ थराने उतरू लागते.

पण उतार शेवटी उतारच. पाच-दहा मीटर गेले की जमिनीच्या बारीक उंचसखलपणामुळे पाणी एकवटायला लागते, थराचे ओघळ होतात. म्हणून तिथेच दुसरा आडवा पाट. वरून आलेले सगळे ओघळ त्यात पडतात, पाणी पुन्हा एका पातळीत येते आणि त्याच्या सपाट कडेवरून पुन्हा थर होऊन सांडते. मग तिसरा, चौथा, पाचवा, थेट दरीच्या तळापर्यंत. सगळ्यात खालचा पाट उरलेले पाणी ओढ्याला परत देतो. हे मधले पाट लहानसेच असायचे, फूटभर रुंद आणि वीतभर खोल. दोहोंमधले अंतर उतारावर ठरे, कुठे पाच-सहा मीटर, कुठे वीस. अनेक कुरणांत वरून खाली एक उभा जोडपाटही असे, कारण वरच्या पट्ट्यांवरून उतरताना पाणी निवते आणि त्यातला गाळ व खतही वरचे गवतच खाऊन टाकते. खालच्या पट्ट्यांना ताजे पाणी द्यायचे तर ते मधले टप्पे चुकवूनच न्यावे लागणार.

आखणीची साधने साधी होती. लाकडी त्रिकोणी चौकट आणि मधे लोंबणारा ओळंबा. आपल्याकडे पाणलोटाची कामे केलेल्या गावकऱ्यांना ही चौकट ए-फ्रेम म्हणून चांगलीच परिचयाची आहे. आणि इथे एक गंमत आहे. सलग समतल चर आणि एक्समूरचा पाट, दोन्ही एकाच चौकटीने, डोंगराच्या त्याच रेषेवर आखतात. पण चर पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा बांध फुटला की काम बिघडले. एक्समूरचा पाट सांडण्यासाठीच असतो, तो सांडला नाही तर काम बिघडले.

पाणी फिरवण्याचे तंत्र आपल्या दारे धरण्याचेच. पाटात जागोजागी गवतासकट काढलेली मातीची ढेप, सपाट दगड किंवा फळी आडवी घालायची. तिच्यामागे पाणी चढते आणि त्या पट्ट्यात सांडते. ढेप काढून दहा पावले पुढे घातली की पट्टा बदलला. पाटकऱ्याचा हिवाळा याच कामात जायचा. शरदात आधी पाट साफ करायचे, खचलेल्या कडा बांधून घ्यायच्या. नोव्हेंबरच्या आसपासचे पहिले मोठे पाणी सर्वांत मोलाचे, कारण उन्हाळाभर रस्त्यांवर आणि शेतांत साचलेला कस ते धुऊन आणते. मग पाणी काही दिवस सोडायचे, काही दिवस तोडायचे आणि मातीला श्वास घेऊ द्यायचा. कडाक्याच्या रात्रीचा अंदाज आला तर संध्याकाळी पाणी चालू करायचे. चूक होण्याची जागाही हीच. भिजलेल्या कुरणावरचे पाणी गोठणाऱ्या रात्री तोडले तर ओली माती गोठून फुगते आणि मुळे उपटली जातात. सुरू केलेले पाणी थंडीची लाट ओसरेपर्यंत चालूच ठेवावे लागे.

पाणी सतत हलते का ठेवायचे, याला दोन कारणे. वाहत्या पाण्यात नवी ऊब येत राहते आणि प्राणवायूही. तेच पाणी साचले की दोन्ही संपतात, मुळे गुदमरतात आणि चाऱ्याच्या गवताच्या जागी लव्हाळा माजतो. पाण्याचा वेग जपणे हेच या विद्येचे मर्म मानले जाई, आणि कुरणावरून पाणी काढून घेताना तर ते सोडण्यापेक्षाही झपाट्याने उतरले पाहिजे. वसंत जवळ आला की पाण्यावर पांढुरका फेस धरू लागे. पाणी आता गवताला नकोसे झाले, याची ती खूण. मग ते तोडायचे, काही दिवस जमीन सुकू द्यायची आणि मेंढ्या-कोकरे आत सोडायची. एप्रिलनंतर मेंढ्या बाहेर, कुरण राखीव, आणि जून-जुलैत वाळक्या गवताची भरघोस कापणी.

मेंढ्या बाहेर काढण्यामागे एक कडवा अनुभव होता. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात ओल्या कुरणावर चरलेल्या मेंढ्या खंगून मरत. त्यामुळे तेव्हा तिथे गुरे चारायची, मेंढ्या नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाई. यकृतातला चपटा कृमी चिखलातल्या एका लहानशा गोगलगायीमार्फत मेंढीपर्यंत पोहोचतो, हे विज्ञानाला 1880 च्या दशकात उमगले. शेतकऱ्यांनी कारण न कळताच तारखा बरोबर बसवल्या होत्या.

एक्समूरच्या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग अजून सांगितला नाही. इथले अनेक पाट कुरणावर जाण्याआधी शेतघराच्या अंगणातून जातात. अंगणाच्या खालच्या अंगाला एक डबके, त्याला एक बूच. गोठ्याचे शेण, मूत, उकिरड्याचे निथळ सगळे त्या डबक्यात साचायचे. ते भरले, पाणी ढवळले, बूच काढले की खताचे काळे पाणी पाटातून सगळ्या उतारावर आपोआप पसरायचे. बैलगाडीने शेणखत त्या चढउतारांवर वाहून नेणे किती जिकिरीचे, हे सह्याद्रीच्या उतारावर शेती करणाऱ्याला सांगायला नको. म्हणून घर कुठे बांधायचे, हेही पाटाने ठरवलेले दिसते. झऱ्याच्या खाली आणि कुरणाच्या वर. गोठा, डबके, पाट, कुरण हा एकच सांधलेला गाडा होता आणि तो नुसत्या उताराच्या बळावर चालायचा.

हे सारे नेमके कधी सुरू झाले, ते एका तारखेत सांगता येत नाही. लिखित पुरावा सतराव्या शतकाच्या आरंभी ठळक होतो. हियरफर्डशरच्या गोल्डन व्हॅलीत रोलँड वॉन नावाच्या जमीनदाराने नदीचे पाणी कुरणांवर फिरवले आणि 1610 मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्याने सांगितलेली हकीकत अशी, की गिरणीच्या पाटाचा काठ एका चिचुंद्रीसारख्या बिळकऱ्या प्राण्याने पोखरला होता, तिथून पाणी झिरपत होते आणि नेमके तेवढ्याच जागेवर गवत दाट हिरवे होते. त्यावरून त्याला कल्पना सुचली म्हणे. पुस्तक विकायला लेखक अशी गोष्ट रचू शकतो, हे मनाशी ठेवूनच ती वाचावी. पुढे 1779 मध्ये डॉर्सेटच्या जॉर्ज बॉझवेलने कुरणांना पाणी देण्यावर पद्धतशीर ग्रंथ लिहिला. सपाट तळाची आणि डोंगरउताराची, दोन्ही पद्धती त्यात वेगळ्या मांडलेल्या आहेत.

सपाट पद्धत जास्त प्रसिद्ध झाली. विल्टशर, हॅम्पशर, डॉर्सेटमधल्या चुनखडीच्या प्रदेशातल्या नद्यांचे तळ रुंद आणि सपाट. तिथे पाण्याला उतार नाही, म्हणून तो घडवावा लागला. मातीचे लांबट वरंबे, प्रत्येक वरंब्याच्या माथ्यावर पाणी आणणारी चारी आणि दोन वरंब्यांच्या मधे पाणी नेणारी. हे काम खर्चिक होते, जमीनदार, कूळ आणि गिरणीवाला यांच्या करारांशिवाय होणारे नव्हते. त्यापुढे डोंगरी पद्धत गरिबाची म्हणावी लागेल. उतार निसर्गाने दिलेला, पाणी आपल्याच शेतातल्या झऱ्याचे, खोदाई एका शेतकऱ्याला आणि त्याच्या गड्यांना जमेल एवढी. कुणाशी करार करायची फारशी गरज नाही, त्यामुळे कागदही कमी उरले. त्या पद्धतीचा इतिहास जमिनीवरूनच वाचावा लागतो, तो यामुळे.

मोठ्या भांडवलदाराचे लक्षही मात्र तिच्याकडे गेले. एक्समूरचे राजाच्या मालकीचे माळरान 1818 मध्ये विक्रीला निघाले आणि लोखंडाच्या व्यवसायातल्या घराण्यातल्या जॉन नाइटने घेतले. त्याचा मुलगा फ्रेडरिक नाइट याने तिथे शेतघरे वसवून ती खंडाने दिली. त्याचा कारभारी रॉबर्ट स्मिथ 1848 मध्ये आला, एमेट्स ग्रेंज या शेतावर राहिला आणि डोंगरी पाटकुरणांचा खंदा पुरस्कर्ता बनला. ओसाड माळ लागवडीखाली कसा आणावा, यावर 1856 मध्ये त्याने रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. त्यामुळे एक्समूरवरच्या रेषांत दोन हात मिसळलेले आहेत. जुन्या शेतांवरचे, पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत वाकडेतिकडे झालेले पाट आणि नाइट-स्मिथ काळात एका दमात आखलेले नीटस पाट.

गंमत म्हणजे तिथे पाट आखले जात होते तेव्हाच त्यांचा पर्यायही बंदरात उतरत होता. 1840 च्या दशकात पेरूहून ग्वानो येऊ लागला, 1842 मध्ये जॉन लॉजने सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले, पेंडीही विकत मिळू लागली. मार्चमधली टंचाई आता पैशाने भरून काढता येत होती. 1870 च्या दशकापासून शेतमालाचे भाव कोसळले आणि फावडे घेऊन हिवाळाभर पाटावर राबणारा गडी परवडेना. काही शेतांवर विसाव्या शतकातही पाणी फिरत राहिले, पण ट्रॅक्टर आल्यावर पाट अडथळाच ठरले.

खंड युरोपात अशा कुरणसिंचनाचे काही अवशेष अजून चालू आहेत. 2023 मध्ये युनेस्कोने पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते ऑस्ट्रिया, बेल्जियम, जर्मनी, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड या सात देशांच्या नावावर. ब्रिटन त्यात नाही; तो त्या यादीमागच्या आंतरराष्ट्रीय करारातच 2024 मध्ये आला. सॉल्सबरीच्या कॅथिड्रलसमोरच्या हार्नहॅम कुरणांत एक न्यास वरंब्यांची सपाट पद्धत जिवंत ठेवून आहे. डोंगरी पद्धत पाहायची तर मात्र बहुतेक ठिकाणी खुणांवरच भागवावे लागते.

त्या वाचायच्या कशा? वेळ हिवाळ्यातल्या दुपारची निवडावी. डिसेंबरात तिथे भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो, आणि वीतभर खोलीच्या खळगीचीही लांब सावली पडते. दहिवराची किंवा विरत्या बर्फाची सकाळही चांगली, कारण पाटाच्या खोलगट भागात बर्फ जास्त वेळ टिकते. उन्हाळ्यात गवताच्या रंगावर जावे. बुजलेल्या पाटात ओल धरते, तिथे लव्हाळ्याची रांग उभी असते.

घरबसल्याही पुष्कळ जमते. 1836 च्या कायद्यानंतर गावोगाव झालेल्या धर्मकराच्या नकाशांत शेतांची नावे आहेत, आणि पाण्याचे कुरण अशा अर्थाचे नाव डोंगरउतारावरच्या शेताला असेल तर ते सहज पडलेले नव्हे. ब्रिटिश हवाई दलाने 1946-47 च्या सुमारास टिपलेल्या हवाई छायाचित्रांत खोल नांगरटीपूर्वीची जमीन दिसते. आता लायडारची भर पडली आहे. विमानातून लेझर टाकून मोजलेली जमिनीची उंची, झाडेझुडपे वगळून, इंग्लंडची पर्यावरण संस्था फुकट देते. संगणकावर त्या नकाशावर खोटा तिरपा प्रकाश टाकला की मुख्य पाट स्पष्ट उठून दिसतो. बारीक आडवे पाट कधी दिसतात, कधी नाहीत.

आडवी दिसणारी प्रत्येक रेषा पाट नसते. मेंढ्यांच्या पायवाटा एकमेकींच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर असतात, फाटतात, पुन्हा मिळतात आणि फक्त खड्या उतारावर असतात. जुन्या नांगरटीचे टप्पे रुंद, माणूस आरामात चालेल इतके, आणि त्यांची बाहेरची कड उंच उतरती. पाटाची रेषा अरुंद असते, तिच्या खालच्या अंगाला खोदलेल्या मातीचा बारीक उंचवटा असतो, आणि शेजारच्या रेषेपासून ती काही मीटर अंतर राखून चालते. निर्णायक तपासणी मात्र रेषा धरून वर चालत जाण्याची. मेंढीची वाट कुठेही विरून जाते. पाट एका दिशेला हळूहळू चढत जाऊन ओहोळाच्या काठाशी, झऱ्याच्या ओल्या खळगीशी किंवा शेतघराच्या अंगणातल्या डबक्याशी पोहोचतो. वाटेत कुंपणाचा दगडी बांध आला तर त्याच्या पायथ्याशी पाण्यासाठी सोडलेले चौकोनी भोक आहे का, ते वाकून पाहावे. बांध बांधणाऱ्याने ते सोडले असेल तर तेव्हा पाट चालू होता. पाट बांधाखाली गाडला गेला असेल तर बांध नंतरचा.